बारा नंबरचं कुणी आहे का?

आमच्या साथीच्या दवाखान्यात नातेवाइकांना आत यायला बंदी होती आणि मी त्या बंदीच्या बाजूची होते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी मला मायाळू वगैरे समजायला नको. ताप एकाचा दुसऱ्याला लागतो हे घसा कोरडा पडेपर्यंत सांगूनही लोक कुंपणावरून उड्या मारून आत यायचे, आजाऱ्याच्या गळ्यात पडायचे आणि आठ दिवसांनी त्याच्याच शेजारच्या खाटेवर येऊन झोपायचे. वर मलाच विचारायचे, "बाई, असं कसं झालं हो?"

म्हणून फळा होता. त्यावर तीन रकाने: गंभीर, जैसे थे, सुधारणा. रोज सकाळी दहाच्या आत मी वॉर्डातल्या टेबलाशी बसून तो लिहायची आणि दरवान तो फाटकाबाहेर टांगायचा. नावं लिहायची नाहीत, फक्त नंबर. ज्या घरात ताप आला त्या घराशी लोक बोलणं टाकायचे, म्हणून ही सोय. मेलेल्यांसाठी रकाना नव्हता. कालचा नंबर आज कुठेच दिसला नाही की बाहेरच्यांनी समजून घ्यायचं.

नंबर माणसाचा नसायचा, खाटेचा असायचा. खाटेच्या वर भिंतीवर तो रंगवलेला होता आणि त्याच नंबरचा एक पितळी बिल्ला आम्ही नातेवाइकाला द्यायचो. आजाऱ्याला एका खाटेवरून दुसरीवर हलवलं, तर फाटकावर जाऊन जुना बिल्ला परत घ्यायचा, नवा द्यायचा. हे काम माझं. बावीस वर्षांच्या नोकरीत ते मी एकदाच विसरले.

एक ते बारा नंबरच्या खाटा खिडक्यांना लागून होत्या. तिथे गंभीर माणसं ठेवायची, त्याचंही कारण होतं. गंभीर असलेल्यांच्या नातेवाइकांना तेवढी एक सवलत होती. फळा टांगून झाला की दरवान एकेक नंबर पुकारायचा, बिल्ला बघायचा आणि त्या माणसाला अंगणातून खिडकीपाशी सोडायचा. पाच मिनिटं बाहेरून बघायचं, बोलायचं, रडायचं आणि निघायचं. दरवानाचा आवाज असा होता की सगळे त्याला भोंगा म्हणायचे. तो फाटकावर खोकला तरी आत आम्हाला कळायचं.

रंगाऱ्याची बायको आली ती एकतीस नंबरवर, पार आतल्या रांगेत. रंगाऱ्याने तिला फाटकापर्यंत उचलून आणली होती, अनवाणी. त्याच्या कानाच्या पाळ्यांवर चुन्याचे ठिपके होते आणि तोंडाला खळ नव्हता. तिला उशी उंच लागते, तिला अंधार आवडत नाही, तिला कुणी मोठ्याने बोललेलं खपत नाही. मी म्हटलं, "मग तुमच्याबरोबर इतकी वर्षं कशी काढली तिने?" तो हसला. बिल्ला हातात घेऊन फळ्याकडे बघत म्हणाला, "बाई, तुमचे रकाने तिरके आहेत. ही घरी आली की फुकटात रंगवून देतो."

"आधी कान धुवा," मी म्हटलं.

पाचव्या दिवशी तिचा ताप चढला आणि उतरेना. डॉक्टर म्हणाले, खिडकीशी घ्या, नवऱ्याला बघू दे. बाराव्या खाटेवर एक शिवणकाम करणारी मुलगी होती, ती आता उठून बसत होती. तिचं जगात कुणी नव्हतं, म्हणून तिचा बिल्ला कुणाला न देता माझ्याच खणात पडून होता. आम्ही दोघींची अदलाबदल केली. शिवणवाली एकतीसवर गेली, रंगाऱ्याची बायको बारावर आली. मी खणातून बाराचा बिल्ला काढला, एप्रनच्या खिशात टाकला आणि फाटकाकडे निघाले.

तेवढ्यात गाडी आली. एकाच इमारतीतले सात जण, त्यातल्या तिघांना तर उतरवतानाच धरावं लागलं. संध्याकाळपर्यंत मला माझं नाव आठवत नव्हतं. ओकारीने भरलेला एप्रन काढून धुलाईच्या ढिगात फेकला आणि आडवी झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी मनात आलं, बिल्ला दिला का आपण? खण उघडून पाहिला. बाराचा बिल्ला खणात नव्हता. म्हणजे दिला असणार. इतकं सरळ होतं ते.

फळा लिहिला. बारा, गंभीर. एकतीस, सुधारणा. दहा वाजता भोंग्याचा आवाज आला, "बारा! बारा नंबरचं कुणी आहे का?" कुणी आलं नाही.

"हे आले का?" तिने विचारलं.

"कामावर गेले असतील. उद्या येतील."

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तिने मला ओल्या फडक्याने तिचं तोंड पुसायला लावलं, डोक्यावरचा रुमाल नीट बांधायला लावला, कारण ताप उतरावा म्हणून आम्ही तिचे केस कापले होते. "असं बघितलं तर घाबरतील ते," ती म्हणाली. रुमाल बांधून ती खिडकीकडे तोंड करून पडली. भोंगा तीनदा ओरडला. "बारा! आहे का कुणी बाराचं?" शेजारच्या अकरा नंबरच्या खिडकीशी एक म्हातारा येऊन रडून गेला. हिच्या खिडकीत नुसतं ऊन.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बायको आजारी पडली की नाहीसे होणारे नवरे मी ढिगाने पाहिले होते. पण हा इतका बोलघेवडा, बायकोच्या उशीची उंची सांगणारा, हाही त्यातलाच निघावा, याचा मला फार राग आला. राग त्याच्यावर होता. निघाला तिच्यावर.

चौथ्या दिवशी भोंग्याची हाक विरली, तिने पुन्हा विचारलं, "हे आले का?" आणि मी म्हणाले, "वाट बघणं सोड आता. तो यायचा नाही. तू आपली बरी हो आणि स्वतःच्या पायावर चालत घरी जा, म्हणजे तोंड लपवायला त्याला जागा उरणार नाही."

मला वाटलं होतं ती चिडेल. चिडलेली माणसं जगतात, असा माझा अनुभव होता. ती फक्त "बरं" म्हणाली आणि खिडकीकडे पाठ करून दुसऱ्या बाजूच्या भिंतीकडे वळली. त्यानंतर तिने पाण्याचा चमचा तोंडात घेतला नाही. मी दटावलं, विनवलं, दातांवर चमचा आपटला. शेवटी हात टेकले.

पाचव्या दिवशी सकाळी फळा बाहेर गेल्यावर धुलाईवाली आली. उकळून, इस्त्री करून आणलेल्या एप्रनांची चळत तिने टेबलावर ठेवली आणि वर एक पितळी बिल्ला ठेवला. उकळल्यामुळे तो अगदी नव्यासारखा झाला होता.

"बाई, तुमच्या खिशात होता. बरा सापडला, हौदात गेला असता."

बारा.

मी तो हातात घेतला. एकतीसचा बिल्ला अजून रंगाऱ्याच्या हातात होता. चार दिवस तो फाटकाशी उभा राहून एकतीस नंबर वाचत होता. माझ्याच अक्षरात. सुधारणा, सुधारणा, सुधारणा, सुधारणा. आणि आज पाचव्यांदा.

मी खाटेकडे पाहिलं. ती भिंतीकडे तोंड करून होती. श्वास मोजला. डॉक्टरांना विचारायची गरज नव्हती, दुपार काढली तरी खूप होतं. तिच्या नवऱ्याने एकदा तिच्या दृष्टीला पडावं, एवढंच आता माझ्या हातात उरलं होतं.

वॉर्डाच्या कपड्यांत फाटकाबाहेर पडायचं नाही हा नियम मीच सगळ्यांच्या कानी कपाळी ओरडायची. मी तशीच धावले.

"एकतीसवाला?" भोंगा म्हणाला. "आत्ताच वाचून गेला की. नुसता नाचत होता. खोलीला चुना लावतोय म्हणाला, बायको येणार म्हणून."

रजिस्टरातला पत्ता पाठ करून मी रस्त्याला लागले. माझा एप्रन बघून लोक बाजूला होत होते, एका बाईने तर पोराचं नाक दाबून धरलं. तिसऱ्या गल्लीत, जिन्याखालची खोली. दार सताड उघडं. रंगारी शिडीवर होता. चारी भिंती पांढऱ्याशुभ्र, ओल्या. खाट दाराशी उजेडात ओढलेली, त्यावर दोन उशा एकावर एक.

"बाई!" तो शिडीवरून जवळजवळ पडलाच. "आजच सोडताय? अहो, वास जायचाय अजून चुन्याचा!"

मी म्हणाले, "चला."

त्याने कोपऱ्यातून तिच्या चपला उचलल्या. "अनवाणी आणली होती ना. आता चालत येईल." चपला काखेत मारून तो माझ्यापुढे चालायला लागला. अर्ध्या गल्लीत मी त्याची बाही धरली.

"ती फार आजारी आहे. आजचा दिवस निघेल असं वाटत नाही."

तो थांबला. "पण फळ्यावर तर..."

"फळा चुकला," मी म्हणाले. फळा चुकला! लाकडाच्या फळीवर ढकलून मी मोकळी झाले. तो पळत सुटला.

फाटकावर भोंग्याने हात आडवा केला. मी तो बाजूला ढकलला आणि रंगाऱ्याला अंगणातून खिडकी दाखवली. मी स्वतः दाराने आत गेले. ती होती. श्वास चालू होता.

बाहेरून आवाज आला, "अगं, ऐकलंस का?"

तिचे डोळे उघडले. पण ती वळली नाही.

"अगं ए, ऐकलंस का? मी आलोय!"

"ताप चढला वाटतं परत," ती हळूच म्हणाली. "ह्यांचा आवाज येतोय. घरी असंच बोलावतात मला. ऐकलंस का म्हणून."

"तेच आहेत, गं! खिडकीत उभे आहेत. वळ, बघ."

"तुम्हीच म्हणालात, येणार नाहीत."

"मी चुकले. माझं ऐक, वळ एकदा." मी तिच्या खांद्याखाली हात घातला. तिने खाटेची भिंतीकडची कड घट्ट धरली. इतकी ताकद तिच्यात कुठून आली कुणास ठाऊक.

"नको. वळले की जाईल आवाज. ऐकू द्या."

तो बोलत होता. खोली पांढरी केली, उशा उंच ठेवल्यात, शेजारीण रोज विचारते, कान धुतलेत बघ. ती ऐकत होती. तिच्या ओठांच्या कडेला काहीतरी हललं, ते हसू होतं. तेवढ्यावर मी गप्प बसायला हवं होतं. पण मला सगळं नीट करायचं होतं. आपल्या हातून झालेलं आपल्याच हाताने, पूर्ण. भिंत आणि खाट यांच्यात माणूस उभा राहील एवढी जागा होती. तो तिथे उभा राहिला असता तर तिला वळायलाही लागलं नसतं.

मी खिडकीतून ओरडले, "आत या! दाराने या, लवकर!"

खिडकीपासून दार अंगणाला वळसा घालून होतं. चाळीस पावलं, फार तर पन्नास. तो धावला. आणि धावणारा माणूस बोलत नाही.

वॉर्ड शांत झाला.

"गेला बघा," ती म्हणाली. "म्हटलं होतं ना, ताप होता."

"येतायत! दारातून येतायत, ऐक, पावलं ऐक त्यांची!" मी तिला हलवत होते, तिच्या कानाशी ओरडत होते, जिला कुणी मोठ्याने बोललेलं खपत नव्हतं तिच्या. पावलं दारात आली तेव्हा तिचा हात कडेवरून सुटला होता.

रंगारी खाटेपाशी आला, भिंतीच्या बाजूला, अगदी मला वाटलं होतं तिथेच उभा राहिला. तिच्या डोक्यावरचा रुमाल बाजूला सरकला होता, तो त्याने सारखा केला. चपला काखेतच होत्या.

"ऐकलं तिने?"

"ऐकलं. सगळं ऐकलं." मग मी उरलेलं सांगितलं, कारण ते पोटात ठेवून मला त्या वॉर्डात उभं राहता आलं नसतं. "फळा नाही चुकला. मी चुकले. तिची खाट बदलली आणि तुमचा बिल्ला बदलायला विसरले. तुम्ही येत नाही म्हणून मीच तिला सांगितलं, वाट बघू नकोस."

मला वाटलं तो मारेल. मारायला हवं होतं. तो माझ्याकडे बघतही नव्हता. खाटेच्या वर, भिंतीवरच्या आकड्याकडे बघत होता.

"हा बारा नंबर आहे?"

"हो."

"रोज ओरडायचा तो. बारा, बारा. कुणीच पुढे व्हायचं नाही." त्याचा आवाज अगदी साधा होता. "मला वाईट वाटायचं. परवा मी गेलो त्याच्याकडे. म्हटलं, त्या बाराचं कुणी नसेल तर मी उभा राहतो खिडकीशी. माणूस दिसेल बिचाऱ्याला, तेवढंच."

"मग?"

"म्हणाला, बिल्ला दाखव."