ओढ्यापलीकडचा मान

बुधवारच्या शिकारीत जर्वस होलरॉइड खोटं असं काही बोललाच नव्हता. तो फक्त हसला होता.

कोल्ह्यामागे कुत्री ओढ्यापार गेली, तेव्हा काठावर येऊन घोड्यावरून उडी घ्यायचं त्याचं धाडस गळालं. पंचेचाळिशीचा वकील, घरी तीन मुली. त्याने घोडा वळवला, पुलावरून चिखलातून दौडत नेला आणि योगायोगाने सगळ्यांच्या आधी कुत्र्यांपाशी पोचला. मागून शिकारीचे प्रमुख सर ऑब्री आले. घोड्याच्या पोटापर्यंतचा चिखल बघून ओरडले, "अरे लेका, उडी मारून ओढा पार केलास की काय!" जर्वस हसला. झालं.

शनिवारी सर ऑब्रींच्या हवेलीच्या अंगणात पुढच्या शिकारीसाठी घोडे जमले. उडी मारून ओढा ओलांडणाऱ्याला शिकारीआधीचा पहिला घोट जुन्या चांदीच्या प्याल्यातून द्यायची तिथली रीत. प्याला कोल्ह्याच्या मुंडक्यासारखा, दीडशे वर्षांचा, कान झिजून गुळगुळीत झालेले. त्याला टेकवायला बूड नाही. भरला की संपवल्याशिवाय खाली ठेवता येत नाही. सर ऑब्रींनी स्वतःच्या हाताने तो खोगिरावर बसलेल्या जर्वसला दिला. टाळ्या पडल्या. जर्वस प्याल्यातल्या गोड दारूकडे बघत राहिला.

तेवढ्यात फाटकातून नेल टॅन्सली चालत आली. ही गावातली विधवा, लोकांचे घोडे शिकवून पोट भरणारी.

"काय गं नेल, घोडी कुठंय?" एकाने विचारलं.

"लंगडतेय. बुधवारी ओढ्यापलीकडे पाय मुरगळला तिचा."

"ओढ्यापलीकडे? पुलावर घसरली असेल!" सगळे खदखदून हसले. जर्वसने प्याला ओठांना लावला.

 नेलने जर्वसकडे बघितलं. तेव्हा त्याला कळलं, की पलीकडच्या काठावर लंगडती घोडी धरून उभ्या असलेल्या या बाईने त्याला पुलावरून जाताना पाहिलंय, आणि तीन दिवस कुणाला सांगितलेलं नाही.

त्याचे कान तापले. हातातला प्याला अजून अर्धा भरलेला.

"पुलावरून मी गेलो," तो म्हणाला. "उडी हिने मारली."

"भलताच विनयशील गडी!" सर ऑब्री हसले.

"विनय नाही, सर. खोटेपणा."

 जर्वसने उरलेली दारू जमिनीवर ओतली. सर ऑब्रींनी प्याला घेतला, रुमालाने पुसला, नव्याने भरला आणि नेलपुढे धरला. तिने तो एका दमात संपवला, पण हसली नाही.

जर्वसला कुणी टाकून बोललं नाही. लोक नुसते आपापल्या घोड्यांचे पट्टे आवळू लागले. तो खाली उतरला, घोडा हाताने धरून तिच्यापाशी गेला.

"नेलबाई, माफ करा."

"भित्रेपणाचं काही नाही हो," ती म्हणाली. "ओढा रुंदच आहे. पण आत्ता ते मला हसले, तेव्हा तुम्ही दोन घोट घेतलेत. मी मोजले."

शिंग वाजलं, घोडे निघाले. जर्वस त्यांच्यासोबत गेला नाही. गावातून घरापर्यंत तो घोडा ओढत पायीच गेला, आणि दारात उभ्या असलेल्या धाकटीने "मिळाला का मान, बाबा?" म्हणून विचारलं, तेव्हा तिला खाली बसवून सगळं सांगितलं.