तळ दिसतोय

मला पहिल्यापासून त्या डबक्याचा राग. तळं कसलं, डबकंच ते! आमचे हे नळदुरुस्तीची कामं करायचे. कुणीतरी टाकून दिलेला तडकलेला बाथटब उचलून आणला, परसात खड्डा खणून पुरला, तड्यात खिडकीच्या काचांना लावतात ती लांबी भरली, अंगठ्याने दाबली आणि पाणी सोडलं. मी म्हटलं, "अहो, दिवसभर लोकांची घाण उपसून पोट भरत नाही, म्हणून घरी आणली का?" तर म्हणाले, "अगं, बघ तर खरं." जन्मभर वाहत्या पाण्याशी झटलेल्या माणसाला साठलेल्या पाण्याची हौस कुठून लागली, देव जाणे.

पण लागली. कडेने दगड आले, पाणकणीस आलं, कुंडीतलं पांढरं कमळ आलं. गोगलगायी कुणी आणल्या नाहीत, त्या आपणहून आल्या. एक बेडूक आला आणि दगडाखालची जागा बापजाद्यांची असल्यासारखा ठाण मांडून बसला. हे कामावरून आले की आधी तळ्यापाशी, मग घरात. "तुमचं लग्न त्या बेडकाशीच लावून द्यायला हवं होतं," मी म्हणायचे. माझं शिवणयंत्र मागच्या खिडकीशीच आहे. कमळ उमललेलं असलं की माझं यंत्र जरा हळू चालायचं. आता नाही कशाला म्हणू?

यांचा खरा जीव मात्र गाळात. तळाशी काळा, मऊ गाळ बसला होता आणि त्यात चतुराची पिल्लं होती. पाण्यावर भिरभिरणारा तो लांब शेपटीचा चतुर जन्मतो चिखलात आणि वर्ष-दोन वर्षं तिथेच काढतो, हे मला यांनीच सांगितलं. मग एके सकाळी पिल्लू काडीवरून वर चढतं. "तुझी शिवण उसवते ना, तशी त्याची पाठ उसवते बघ, मधोमध. आतून चतुर निघतो आणि कात तिथेच काडीला चिकटून राहते." त्यासाठी यांनी टबात काठ्या रोवल्या होत्या. मी कधी पाहिलं नाही. सकाळी माझी इस्त्री असते, गिऱ्हाइकं असतात. गेल्या थंडीत यांनी ओंजळीत गाळ धरून एक पिल्लू दाखवलं. मातकट, कुरूप, शिसारी यावी असं. "पाठीवर फुगलंय ना, त्यात पंख आहेत. ऊन तापलं की निघणार. या वर्षी तुला दाखवतोच." मी म्हटलं, "दाखवा एकदाचं. माझी सुटका तरी होईल."

थंडी सरायच्या आत हे गेले. छातीत जंतूंचा संसर्ग झाला, औषधं लागू पडेनात. आणि गेले कुठे, तर मुलीच्याच हॉस्पिटलात.

आमची मुलगी तिथे ऑपरेशनची हत्यारं निर्जंतुक करायच्या खोलीत कामाला आहे. चिमटे, कात्र्या, सुया, सगळं घासायचं, वाफेत घालायचं, पाकिटात बंद करायचं. तिने बंद केलेलं पाकीट डोळे मिटून फोडावं, असं डॉक्टरच म्हणतात. आणि तिच्याच डोक्यावरच्या मजल्यावर तिच्या बापाला जंतूंनी खाल्लं. पोरगी रडली नाही. सुट्टी मिळाली की यायची आणि घासत सुटायची. भांडी, फरशी, माझ्या यंत्राचं चाकसुद्धा. मी म्हटलं, घासू दे. कुणाचं दुःख डोळ्यांतून निघतं, हिचं हातांतून निघत असेल.

ऊन तापायला लागलं तशी मी रोज सकाळी स्टूल घेऊन तळ्यापाशी बसायला लागले. हे गेले, पण यांनी ओंजळीत धरलेलं ते पिल्लू त्या गाळात जिवंत होतं. ते निघताना मला बघायचं होतं. बस, एवढंच. गिऱ्हाईक दारात येऊन "मावशी, माझा कोट?" म्हणालं तरी मी उठत नसे. "कोटाला पाय फुटलेत का? मिळेल!"

मुलीने एकदा विचारलं, "आई, त्या घाणेरड्या पाण्यापाशी रोज काय बसतेस?"

"बसते उगाच," मी म्हटलं. जन्मभर ज्या चिखलाला नावं ठेवली, त्याचं कौतुक कुठल्या तोंडाने सांगू? चतुराचं नावही काढलं नाही.

मग एका नवरीचा झगा अंगावर बसवून द्यायचा होता, म्हणून एक दिवस मी उजाडताच घराबाहेर पडले. परत आले तेव्हा दिवस कलला होता. दारातच ब्लीचचा वास नाकात शिरला. मुलगी परसातून ओरडली, "आई, चप्पल घालून ये, ओलं आहे! बघ, तळ दिसतोय!"

दिसत होता. टब पांढराशुभ्र, पाणी नळातल्यासारखं. दगड घासलेले. कमळाची कुंडी धुऊन उपडी घातलेली. काठ्या भिंतीला टेकवून वाळत ठेवलेल्या.

"गाळ?" मी विचारलं.

"पिशव्याच्या पिशव्या निघाल्या! दुपारीच कचऱ्याची गाडी घेऊन गेली. कमळाच्या मातीलाही वास मारत होता, तीही दिली. बेडूक बादलीत आहे, त्यालाही नळाखाली धरून चांगला धुतला." ती हसली. बाप गेल्यापासून पहिल्यांदा. "आणि काठीला एक किडा चिकटलेला होता, शी! मेलेला, आतून पोकळ. पाठ मधोमध उसवलेली. खरवडून काढला."

म्हणजे निघाला होता. त्याच सकाळी. मी त्या नवरीच्या कमरेला टाचण्या लावत होते तेव्हा तो काठीवर बसून पंख वाळवत होता. आणि बाकीचे सगळे पिशव्यांत.

माझं तोंड कसं आहे ते सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. अगं सटवे, काय केलंस हे, इथपर्यंत जिभेवर आलं होतं. तेवढ्यात तिचे हात दिसले. कोपरापर्यंत लाल, बोटांची सालं निघालेली.

"बाबांच्या छातीत ते कुठून गेलं, कुणाला कळलंच नाही गं," ती म्हणाली. "कामावरच्या पाण्यातून असेल, नाहीतर यातून असेल. आणि तू रोज इथे तोंड खुपसून बसायला लागलीस. मला झोप लागत नव्हती, आई. तुला नाही मी जाऊ द्यायची." आणि ती रडायला लागली, तशीच उकिडवी बसून, लहानपणी रडायची तशी. मी तिला पोटाशी धरलं. हुंदक्यांनी तिची पाठ हलत होती.

"छान केलंस," मी म्हटलं. "किती दिवस मी हेच म्हणत होते यांना."

"तू का रडतेस मग?"

"ब्लीच गेलं डोळ्यांत."

बेडूक आम्ही दगडाखाली सोडला. जरा वेळ बसला, मग कुंपणाखालून निघून गेला.

सकाळी सवयीने स्टूल घेऊन गेले. पाण्यात काही म्हणजे काही हलत नव्हतं. ऊन थेट तळापर्यंत गेलं होतं आणि तिथे तो बुजवलेला तडा दिसला. लांबीवर यांच्या अंगठ्याचा ठसा होता, रेघा नि रेघा. इतकी वर्षं गाळाखाली होता. मी बाही वर केली, दंडापर्यंत हात पाण्यात घातला आणि माझा अंगठा त्यात ठेवला. खोल होता, माझ्या अंगठ्याला मोठा.

"आई!" स्वयंपाकघराच्या खिडकीतून मुलगी ओरडली. "हात नको घालूस, ब्लीच आहे अजून! हात काढ!"

"हो गं बाई, काढते," मी म्हटलं, आणि तशीच बसून राहिले.