डाव्या बाजूचं हसू

“हसली बघा माझी बाय! आता घरात दिवा लावायलाच नको!”

आईचा तो आवाज थोरलीच्या कानात कित्येक वर्षं मुक्कामाला होता. तेव्हा ती आईसाठी पाण्याचं भांडं घेऊन दारात उभी होती, आणि पाळण्यात धाकटी. भांडं कुणी घेतलंच नाही. त्या हसण्यात असं आहे तरी काय, हे बघायला थोरली पाळण्यावर वाकली, ती जन्मभर वाकलेलीच राहिली.

आता धाकटी इस्पितळाच्या खाटेवर होती. डोक्यातली धमनी फुटली, डॉक्टरांनी ती चिमटा लावून बंद केली, जीव वाचला. पण तेवढ्यावर भागत नव्हतं.

“रक्त सांडलं, की आसपासच्या धमन्या आक्रसतात,” सिस्टरनी पहिल्याच दिवशी समजावलं होतं. “मग मेंदूला रक्त कमी पडतं. म्हणून ही गोळी, दर चार तासांनी. चुकवायची नाही.”

“सुरकुत्याच पडतात ना?” धाकटी उशीवरून म्हणाली. “मग आमच्या ताईला सांगा. लाँड्रीत इस्त्री करते ती. एका फटक्यात सरळ करील.”

सिस्टर हसल्या. आई तर डोळे पुसत हसली. थोरलीच्या मनात आलं, मरणाच्या दारातून आली तरी हिचं बोलणं गोडच. मी इतकी वर्षं इस्त्री करते, त्यावर कुणी हसलं नाही की रडलं नाही.

दुपारी काम संपवून ती इथे यायची. अंगाला वाफेचा वास, बोटांवर चटके. आई धाकटीचे पाय चेपत बसलेली असे.

“आलीस? तुझी शाल दे गं. पोरीला गार लागतंय.”

शाल जायची. गोळीची वेळ झाली, की सगळी खोली घड्याळाकडे बघायची. घड्याळसुद्धा धाकटीचंच झालं होतं. थोरलीला ताप आला, की ती गोळी कोरडीच गिळून कामावर जायची, आणि आईला ते रात्रीपर्यंत कळायचं नाही.

त्या दिवशी गोळीआधी सिस्टरनी रक्तदाब बघितला आणि रोजचंच विचारलं.

“ही कोण?”

“माझी ताई. रागीट आहे, जपून राहा.”

“हात उचला. शाब्बास. आता हसून दाखवा.”

धाकटी हसली.

“छान,” सिस्टर म्हणाल्या.

“गुणाची माझी बाय,” आई म्हणाली.

थोरली बघत होती. धाकटीच्या ओठांची डावी कड नेहमी आधी उठायची, उजवी तिच्या मागून यायची. आज डावी मागे राहिली होती. केसभर.

थोरली गप्प राहिली. एक श्वासभरच. राहू दे की, मनात कुणीतरी म्हणालं, हिचंही हसू एकदा वाकडं होऊ दे.

आणि दुसऱ्याच श्वासाला ती ओरडली.

“सिस्टर! हसू चुकलंय तिचं!”

“काहीतरीच काय!” आई कडाडली. “दृष्ट लावतेस होय पोरीला?”

सिस्टर मात्र लगेच मागे फिरल्या. “पुन्हा उचला हात. डोळे मिटा. तसेच धरून ठेवा.”

डावा हात हळूहळू खाली आला, पेंगुळलेल्या मुलाची मान यावी तसा.

मग धावपळ झाली. तपासणीत धमनी आवळलेली दिसली. डॉक्टरांनी मनगटातून बारीक नळी वर नेली आणि औषध थेट त्या धमनीत सोडलं. तोवर मायलेकी बाहेर बाकावर बसून होत्या. मधे धाकटीच्या अंगावरून काढलेली शाल, आणि शालीपलीकडे कुणी बघत नव्हतं.

संध्याकाळी डॉक्टर बाहेर आले. “धमनी मोकळी झालीय. हातात जोर येतोय. पुन्हा आवळू शकते, म्हणून गोळ्या चालूच ठेवू. पण वेळेवर कळलं म्हणून बरं. कुणाच्या लक्षात आलं?”

“हिच्या,” आई पुटपुटली.

“तिची डावी बाजू आधी हसते,” थोरली म्हणाली. “लहानपणापासून.”

“फार जीव दिसतो बहिणीवर,” म्हणत डॉक्टर गेले.

थोरलीने मान खाली घातली. जीव कुठला आणि हेवा कुठला, हे आता तिलाही निवडता आलं नसतं.

“मला नाही गं दिसलं,” आई म्हणाली. “दिवसभर तिच्याच तोंडाकडे बघत होते की मी.”

थोरलीने शाल मांडीवर घेतली. कडेला कड जुळवून घडी घातली, वरून तळहात फिरवला. मग आईकडे न बघताच तिने विचारलं,

“आई, माझी कुठली बाजू आधी हसते गं?”