भावकूआप्पाचं तिसरं लग्न

भावकूआप्पाचं तिसरं लग्न टिकलं. गावात हे कुणी कबूल करत नाही, तेव्हा आपणही तसं काही झालंच नाही असं धरून पुढं जाऊ.

माझा हा चुलता तरुणपणी चिकमगळूरच्या डोंगरात कॉफीच्या मळ्यावर कामाला होता. मोठ्या झाडांच्या सावलीत उभं राहून लाल झालेली फळं तेवढी खुडायची; हिरव्याला हात लावला की मुकादम अंगावर यायचा. दोन लग्नं झाली, दोन्ही बायका हिवतापानं गेल्या. मग तो कायमचा कडोलीला परतला, तेव्हा ओल्या गोणपाटात गुंडाळलेलं कॉफीचं वीतभर रोप पोटाशी धरून आलता. मळ्यावर सांगायचे म्हणे, की फार पूर्वी एका फकिरानं अरबस्तानातून सात बिया कमरेला बांधून आणल्या आणि त्यातनं तिथली सगळी कॉफी झाली. आप्पानं एकच रोप आणलं. त्याला मुलखाला कॉफी पाजायची नव्हती. घरात एकट्यानं प्यावी लागू नये, एवढंच त्याचं म्हणणं.

मग कंग्राळीच्या भरमूआण्णांनी आपली मुलगी बाळाबाई देऊ केली. अडचण एकच. दोन बायका गेलेल्या माणसाची तिसरीही जातेच, असा समज. त्यावर शास्त्रात तोड आहे. तिसरं लग्न रुईच्या झाडाशी लावायचं. जे काय व्हायचं ते रुईचं होतं, आणि खरी बायको चौथी ठरून सुखात राहते.

भटजी रुई शोधायला उठले, तर भरमूआण्णा आडवे आले.

“रुई नगो. उपटून बांधावर टाकली तरी फुटतीया ती. तिसरी मेली न्हाय तर माझ्या पोरीच्या जिवाला घोर.”

“मग?”

“ते काय वाळायलंय तिकडं?”

परसात घासलेटच्या डब्यात कॉफीचं रोप मान टाकून उभं होतं.

“ते ह्या मातीत आठ दिस काढत न्हाय,” शेजारच्या रायाप्पानं खात्री दिली.

“मग हीच करा,” भरमूआण्णा म्हणाले. “चांगली मरणाला टेकल्याली हाय.”

नवरीची इतक्या बारकाईनं पारख कडोलीत कधी झाली नव्हती. अंतरपाट धरला, अक्षता पडल्या, रोपाला काळी पोत घातली. पोतीच्या वजनानं ते वाकलं, तेव्हा वऱ्हाडाला फार समाधान वाटलं.

आता ती मरायची वाट बघायची. भरमूआण्णा दर अमावास्येला यायचे.

“गेली?”

“न्हाय. दोन पानं फुटल्यात.”

“पाणी घालतोस?”

“न्हाय की.”

हे खरं होतं. आप्पा पाणी घालत नव्हता. तो फक्त डब्याशेजारी आंघोळ करायचा. लवकर मरावी म्हणून तिला उन्हात ठेवायचा, आणि मग स्वतः तिच्यावर सावली पडेल असा उभा राहायचा. विचारलं तर म्हणायचा, “मी सहज हुबा हाय.”

एकदा बापाबरोबर बाळाबाईही आली. ठरलेल्या नवऱ्याच्या घरी असं कुणी येत नाही, पण सवतीला बघायला आले म्हटल्यावर हरकत कुणाला घेता येईना. बाप ओट्यावर तंबाखू मळत बसला, ही परसात गेली. त्या महिन्यात आप्पानं मन घट्ट करून आंघोळ विहिरीवर चालवली होती. पानं लोंबत होती आणि तो बघत उभा होता.

“हीच का?”

“व्हय.”

“कशी सुकलीया बघा की! पाणी घाला तिला.”

“घातलं तर आपलं लगीन...”

“तहानल्या जिवाम्होरं हुबं ऱ्हाऊन मला न्हाय करायचं लगीन.” तिनं कळशी उचलली आणि सवतीला पाणी घातलं. “फळ कवा धरती?”

“तीन-चार वरसं.”

“एकटीच?”

“कॉफीला जोडीला दुसरं झाड लागत न्हाय. एकटीचं भागतं.”

“बरं हाय की तिचं,” म्हणून ती हसली, आणि आप्पाही हसला. त्या परसात दोन माणसं एका वेळी हसल्याचं मला तरी दुसरं उदाहरण ठाऊक नाही.

त्या पाण्यानं रोपानं जीव धरला. भरमूआण्णा आणखी काही अमावास्या आले, मग यायचे थांबले. बाळाबाईला खानापूरकडं दिली, एकच बायको गेलेल्या माणसाला. आप्पानं ऐकून घेतलं, डबा फोडला आणि रोप फणसाच्या सावलीला जमिनीत लावलं. तिच्या मरणावाचून आता कुणाचं काही अडलं नव्हतं.

झाड वाढलं. एका चैत्रात वळीव पडून गेला आणि ते एकदम पांढरंशुभ्र फुललं, मोगऱ्यासारखा वास गल्लीभर. बायका फुलं मागायला आल्या. आप्पानं दिली नाहीत. बायकोच्या अंगावरचं कोण काढून देतं? पौषात फळं लाल झाली. त्यानं ती खुडून चटईवर वाळवली, उखळात हलक्या हातानं कांडली, बिया तव्यावर काळ्या होईस्तोवर भाजल्या. रायाप्पा पाण्याची घागर घेऊन धावत आला.

“काय पेटलं रं?”

“कॉफी हाय. बस, घोटभर घे.”

रायाप्पानं घोट घेतला आणि तो तसाच तोंडात धरून आपल्या घरापर्यंत नेला. पुढं पुढं तो वास सुटला की गल्लीतले लोक बाजाराला निघून जायचे, वार कुठलाही असो. आप्पा दोन पेले भरायचा. एक आपला प्यायचा. दुसरा निवत आला की उठून समोरच्या जागी जाऊन बसायचा आणि तोही प्यायचा.

मग लढाई लागली, आणि पिकेल तेवढी कॉफी सरकारी साठ्यात घालायची असं फर्मान निघालं. तलाठी आला. त्यानं झाडं मोजली. एक भरलं. खात्रीसाठी पुन्हा मोजलं. वाळलेलं सगळं पीक त्याच्या टोपीत मावलं. आप्पानं आडकाठी केली नाही. उलट पावती लिहून होईपर्यंत त्याला ओट्यावर बसवून घेतलं, आणि दोघं थंडीबद्दल बराच वेळ बोलले. तो गेल्यावर आप्पानं मला हाक मारली.

“अर्ज लिही. बेळगावात शिकलायस तसा.”

“कॉफी परत मागायची?”

“कॉफी ऱ्हाऊ दे त्यास्नी.”

तो सांगत गेला, मी सरकारी भाषेत घालत गेलो, आणि खाली त्यानं अंगठा उठवला :

“मेहेरबान साहेबांचे हुजुरास. अर्जदार भावकू, वस्ती कडोली, तालुका बेळगाव, नम्रपणे सादर करतो की, अर्जदाराचे एका झाडाचे संपूर्ण पीक सरकारजमा झाले असून त्याबद्दल तक्रार नाही. यापुढेही ते दरसाल बिनतक्रार देण्यात येईल. सबब सरकारने मेहेरबान होऊन, रोख मोबदला न देता, दररोज तिसरे प्रहरी एक इसम अर्जदाराचे समोर बसण्याचे कामी नेमून द्यावा. इसम कोणत्याही जातीचा, वयाचा व हुद्द्याचा चालेल. त्याने कॉफी पिण्याची सक्ती नाही.”