मशीनकाकूंच्या डोळ्यांसाठी

सेवामंडळात सगळे तिला धाकटी म्हणायचे. तिशी गाठायला आली होती, पदरात आठ महिन्यांची मुलगी होती, पण मंडळातल्या बाकीच्यांची गुडघेदुखीसुद्धा तिच्या लग्नाहून जुनी. तेव्हा धाकटी ती धाकटीच.

मंडळ म्हणजे चर्चमागच्या खोलीत दर मंगळवारी जमणारी आठ माणसं. त्यात ना कुणी फादर, ना कुणी सिस्टर, सगळे संसारी. प्रार्थना म्हणायची, कुणाच्या घरी काय नड आहे ते बोलायचं आणि जोडीजोडीनं त्या घरी जायचं. एकट्यानं जायचं नाही. गेल्या गेल्या मदतीची पिशवी उघडायची नाही. आधी बसायचं, दहा मिनिटं इकडचं तिकडचं बोलायचं, म्हणजे समोरच्याला आपण पाहुणे वाटतो, दाते वाटत नाही. आणि सगळ्यात कडक नियम हा, की ज्या घरात जे पाहिलं ते त्या घराच्या उंबऱ्याबाहेर काढायचं नाही. मंडळाचे अध्यक्ष मास्तर आयुष्यभर गणित शिकवून निवृत्त झालेले. हा नियम ते दर मंगळवारी पाढ्यासारखा म्हणून घ्यायचे.

धाकटीला नियम आवडायचे. जीव सतत टांगणीला लागलेल्या माणसाला नियम म्हणजे जिन्याचा कठडा. मुलगी झोपली की ती तिच्या नाकाखाली बोट धरून श्वास लागतोय का बघायची, आणि बोट काढल्याबरोबर तिला शंका यायची की लागला तो श्वास होता की खिडकीतून आलेला वारा. अशी बाई नियम मोडेल असं कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं. तिच्याही नाही.

मशीनकाकूंच्या घरी ती गेली ती नर्सबाईंबरोबर. नर्सबाई तिची जोडीदारीण. चाळीस वर्षं इस्पितळात काढलेली, बोलणं कमी आणि टोचणारं. मशीनकाकू शिवणकाम करायच्या. नवरा गेलेला, मुलगी लग्न होऊन दूर देशी, घरात त्या आणि खिडकीपाशी ठेवलेलं मशीन. बसणं झालं, हवापाण्याचं बोलणं झालं, आणि मग काकूंनी दार लोटून घेत हळूच सांगितलं, की दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहेत. उजवा तर पिकलाय. तीन महिने वाट बघून पुढच्या गुरुवारची ऑपरेशनची तारीख मिळालीय, पण बरोबर कुणी असल्याशिवाय इस्पितळात घेत नाहीत.

"आम्ही येऊ," धाकटी म्हणाली.

"या. पण बाहेर कळता कामा नये. शिंपिणीला दिसत नाही म्हटल्यावर तिच्याकडे कापड कोण टाकेल? मी अजून हातानं चाचपून शिवते. एक टाका वाकडा गेलेला नाही."

धाकटीनं मान हलवली, आणि अगदी मनापासून हलवली.

आता मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या रविवारच्या उपासनेत, लोकांच्या वतीनं ज्या विनंत्या वाचतात, त्या लिहायची पाळी आळीपाळीनं मंडळाकडे येते. त्या रविवारी ती धाकटीची होती. जुनी वही तिनं चाळली. 'आजाऱ्यांसाठी', 'गरिबांसाठी', 'प्रवासात असलेल्यांसाठी'. हातात धरलेल्या साबणासारखं सगळं गुळगुळीत. कॉलेजात निबंधाला पहिली येणाऱ्या बाईला हे कसं सहन व्हावं? दुपारभर ती मुलीला मांडीवर थोपटत शब्द जुळवत बसली. नाव घ्यायचं नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं. नाव तिनं घेतलंच नाही.

रविवारी माईकसमोर उभं राहून तिनं वाचलं: "दुसऱ्यांची अंगं झाकता झाकता ज्यांच्या डोळ्यांपुढचा धागा धूसर झाला आहे, त्या आमच्या बहिणीसाठी..."

वाक्य संपायच्या आत तिसऱ्या बाकाकडे माना वळल्या. अख्ख्या वस्तीत दुसऱ्यांची अंगं झाकणारी बाई एकच होती. ती तिसऱ्या बाकावर ताठ बसली होती. आणि मग सगळ्यांनी, एरवी पुटपुटणाऱ्यांनीसुद्धा, खणखणीत आवाजात म्हटलं, "हे प्रभू, आमची प्रार्थना ऐक."

प्रभूनं ऐकली की नाही कोण जाणे, वस्तीनं मात्र ऐकली. सोमवार संध्याकाळपर्यंत मशीनकाकूंकडची कापडं एकेक करून परत गेली. कुणी म्हणालं, घाई नाहीये, राहू दे. कुणी म्हणालं, तुम्हाला त्रास नको. वाईट कुणीच बोललं नाही, आणि तेच जास्त लागलं. मंगळवारी सकाळी काकूंचा निरोप चर्चच्या ऑफिसात आला: गुरुवारी कुणी येऊ नये, मी जाणार नाही.

त्या मंगळवारच्या बैठकीत धाकटीनं उभं राहून सगळं सांगितलं. सांगताना मुलगी कडेवर होती आणि आईच्या तोंडाकडे बघून तिनंही ओठ काढले.

"चूक मोठी आहे," मास्तर म्हणाले. "रडून ती लहान होणार नाही. बस खाली."

"मी येत्या रविवारी माईकवरून माफी मागते."

खोलीत कुणीतरी खोकल्यासारखं हसलं. नर्सबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "परत माईक?"

"मग मी एकेका गिऱ्हाइकाकडे जाऊन सांगते की काकू अजून उत्तम शिवतात."

"म्हणजे ज्यांनी नीट ऐकलं नसेल त्यांना घरपोच," नर्सबाई म्हणाल्या. "आग विझवायला निघालीस, पण बादलीत रॉकेल आहे, बयो. उद्या माझ्याबरोबर चल. तिच्या दारात जायचं आणि तिला जे बोलायचंय ते बोलू द्यायचं. दुसरं काही करायचं नाही."

धाकटीला हे सगळ्यात अवघड होतं. काही न करणं तिला जन्मात जमलं नव्हतं.

बुधवारी सकाळी दोघी दुसऱ्या मजल्यावर काकूंच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. सासूबाई दवाखान्यात गेल्यामुळे मुलगी बरोबर आणावी लागली होती. धाकटीनं दार वाजवलं.

"कोण आहे?" आतून आवाज आला.

"मी... आम्ही चर्चमधून."

"पोचली तुमची प्रार्थना. देवाचं आधी लक्ष नसेल तर आता नक्की असेल. जा आता."

"काकू, मी माफी मागायला आलेय."

"देवाच्या कानात सांगितलं असतं तर त्याला ऐकू गेलं नसतं का गं? त्याला काय बहिरा समजलीस?"

धाकटीला रात्रभर घोकलेल्या माफीच्या भाषणाचं पहिलं वाक्यही आठवेना. समोरचं दार किलकिलं झालं, त्यातून एक डोकं बाहेर आलं. वरच्या मजल्यावरून कुणीतरी कठड्यावर वाकलं. मुलीनं त्या डोक्याकडे बघून आनंदानं किंकाळी मारली.

कडी निघाली. "जिन्यात उभ्या राहून उरलेल्यांनाही सांगायचंय का? या आत."

खोलीत बदल झाला होता. भिंतीवरच्या फळीवर मागच्या वेळी कापडांचे गठ्ठे ओळीनं लावलेले होते, प्रत्येकावर चिठ्ठी टाचलेली. आता फळी बोडकी होती. एका कोपऱ्यात एकच गठ्ठा उरला होता. मशीनवर चादर टाकलेली. टेबलावर कात्री, खडू आणि मोजपट्टी नीट ओळीत मांडलेली.

"तो एक बेकरीवालीचा," मशीनकाकू म्हणाल्या. "ती न्यायला विसरली असेल."

नर्सबाई खुर्चीवर बसल्या. नियमच होता, आधी बसायचं. धाकटी मुलीला मांडीवर घेऊन पलंगाच्या कडेला टेकली.

"बोल," काकू म्हणाल्या. "पाठ करून आली असशील."

"आले होते. विसरले."

"नाव नाही घेतलंस म्हणून सुटलीस असं वाटलं ना तुला?"

"हो," धाकटी म्हणाली. "आणि दुसरं पण आहे. मला ते वाक्य आवडलं होतं. दोन दिवस जपून ठेवलं होतं मी. तिथे उभी राहिले तेव्हा तुमचा विचार नव्हता माझ्या डोक्यात. वाक्य ऐकायला कसं लागतंय, याचाच होता."

नर्सबाईंनी पहिल्यांदाच मान वर केली. मशीनकाकू आवाजाच्या दिशेनं बघत होत्या. धाकटीच्या चेहऱ्याच्या जरा डावीकडे.

"हं," त्या म्हणाल्या. "कालपासून तीन जण येऊन गेले. फादरसुद्धा. सगळे म्हणाले, पोरीचा हेतू चांगला होता. हेतू ऐकून ऐकून कान किटले माझे. तू तरी खरं बोललीस."

मुलगी मोजपट्टीकडे हात लांबवत होती.

"बसलीच आहेस तर सुया ओव," काकू एकदम म्हणाल्या. "पांढऱ्या दोऱ्याच्या चार, काळ्याच्या चार. शिवायचं मी चाचपून शिवते, पण सुईचं नेढं काही केल्या सापडत नाही. शाळेत जाणाऱ्या पोरींना खेळ म्हणून ओवायला लावायचे."

मुलगी नर्सबाईंच्या मांडीवर गेली. धाकटी खिडकीपाशी उजेडात बसून सुया ओवू लागली. पहिली सुई चौथ्या खेपेला ओवली गेली.

"उद्या चला ना काकू," ती सुईवरची नजर न काढता म्हणाली.

"कशाला? गिऱ्हाईक जाईल म्हणून जीव जाळत होते, ते गेलं. आता दिसून तरी काय करायचंय? रिकामी फळी?"

धाकटी थांबली. भीतीचं तिला बारीक कळायचं. कोणती भीती खरी आणि कोणती तिच्यावर घातलेलं झाकण, हे तिला स्वतःवरून ठाऊक होतं.

"गिऱ्हाइकाचं नाहीये ते," ती म्हणाली. "तुम्हाला ऑपरेशनची भीती वाटतेय."

काकूंनी चादरीची सुरकुती सरळ केली. मग पुन्हा केली.

"डॉक्टरचा हात हलला तर?" त्या हळूच म्हणाल्या. "आता निदान उजेड दिसतो. तोही गेला तर?"

"मी रोज पोरीचा श्वास तपासते. झोपलेली असताना. पाच-सहा वेळा."

"अगं बाई. मग भीतीत तू पदवीधरच."

"पहिल्या वर्गात."

काकूंच्या तोंडून हसू निसटलं. आता नर्सबाईंनी तोंड उघडलं. "डोळ्यात थेंब टाकतात, डोळा बधिर होतो. वीसेक मिनिटं. तू जागीच असतेस, हात हलला असं वाटलं तर डॉक्टरला तिथेच ओरडायचं. आधी एकच डोळा करतात, दुसरा नंतर. शंभरेक तरी पाहिलीत मी. आणि मी काही तुला बरं वाटावं म्हणून बोलत नाही, ते मला येत नाही."

"उद्या बघू," काकू म्हणाल्या.

आठ सुया मशीनजवळच्या सुयांच्या उशीत खोचून दोघी निघाल्या.

गुरुवारी सकाळी मुलीला घरी ठेवून धाकटी निघाली तेव्हा पायरीवरून तीनदा माघारी फिरली. औषध कुठे आहे, दूध किती कोमट, घाम आला तर काय. चौथ्यांदा वळली तेव्हा सासूबाई दारातच उभ्या होत्या. "तुझ्या नवऱ्याला मीच वाढवला. तुला सापडला तेव्हा जिवंत होता ना? मग जा."

काकूंच्या इमारतीखाली नर्सबाई टॅक्सी थांबवून बसल्या होत्या. साडेसात वाजले. सात चाळीस. ड्रायव्हरनं दोनदा घड्याळ दाखवलं. वर जाऊन बोलवावं असं धाकटीला दहादा वाटलं आणि दहाही वेळा नर्सबाईंनी तिच्या दंडावर हात ठेवला.

पावणेआठला जिन्यात पावलं वाजली. एक पायरी, थांबणं, एक पायरी. मशीनकाकू बाहेर आल्या, इस्त्रीच्या कपड्यांत, हातात पिशवी.

"कोपऱ्यापर्यंत ऐकू येतंय इंजिन," त्या म्हणाल्या. "बंद करायला सांगता येत नाही?"

इस्पितळाच्या खिडकीवरच्या कारकुनानं मान वर न करता विचारलं, "बरोबर कोण? नातं?"

धाकटी गोंधळली. मंडळाचं नाव घेतलं तर काकूंची गोष्ट पुन्हा उंबऱ्याबाहेर जाईल, एवढंच डोक्यात आलं.

"ओळखीची आहे," काकू म्हणाल्या.

"ओळखीचं चालत नाही आजी. नातं लागतं."

काकूंनी क्षणभर विचार केला. "मग भाची लिहा. जरा तोंडाळ आहे, पण भाची आहे."

नर्सबाई फाईल घेऊन पुढच्या खिडकीकडे गेल्या. आत बोलावणं आलं तेव्हा काकूंनी कानातले काढून, चष्मा काढून, दोन्ही धाकटीच्या ओंजळीत ठेवलं. त्यांचा हात गार होता.

"मी आत असताना कुणी वस्तीतलं भेटलं तर काय सांगशील?"

"काहीच नाही," धाकटी घाईनं म्हणाली. "शप्पत काही नाही."

"सांग की. काकूंचं डोळ्याचं ऑपरेशन चाललंय, महिन्याभरात मशीन सुरू. मी सांगायला लावलं म्हणून सांग." त्या आत वळल्या, आणि वळता वळता म्हणाल्या, "नीट मोठ्यानं सांग. आवाज चांगला आहे तुझा."

दार मिटलं. धाकटी बाकावर बसली. चष्मा तिनं पदरानं पुसला आणि मांडीवर धरून ठेवला. मग ती येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाकडे निरखून पाहू लागली, यातला एखादा तरी ओळखीचा निघावा म्हणून.