पटाच्या मैदानावरचा फड

गुणवंतराव भोयरांच्या पदरात त्या वैशाखात काय काय पडणार होतं, ते आधी मांडून घेऊ. पटाच्या बैलांची एक जोडी, पांढरीशुभ्र, आखूड शिंगांची. त्या जोडीच्या पाठोपाठ शंकरपटातला, बैलांच्या शर्यतीतला पहिला नंबर, जो त्यांच्या खाचराला, म्हणजे शर्यतीच्या हलक्या गाडीला, दरसाल नाकापर्यंत येऊन हुलकावणी देत होता. आणि पहिल्या नंबराच्या पाठोपाठ ती गोष्ट, जिच्यासाठी माणूस पटाचे बैल पोसतो: तलावाच्या बांधावर, पाळीवर बसलेल्या साऱ्या गावाच्या टाळ्या. देणार पानांचा ठेकेदार, आणि बदल्यात गुणवंतरावांनी करायचं काय, तर काहीच नाही. तेंदूपानाचा फड, म्हणजे विडीची पानं मोजून घ्यायची आणि वाळवायची जागा, दरसाल लागतो तिथंच लागू द्यायचा. काहीच न करण्याबद्दल एवढं मिळत असेल, तर चिंचटोल्याच्याच काय, कुठल्याही गावच्या सरपंचाला हा सौदा वाईट वाटला नसता.

फड लागायचा नाल्यापलीकडे, बांबूच्या रांजीआड, दाट बेटामागं. बाया पहाटे जंगलात जाऊन पानं तोडायच्या, दुपारी घरी सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधायच्या आणि दिवस कलताना फडावर नेऊन द्यायच्या. पुडा घ्यायचा की खराब म्हणून फेकायचा, हे ठरवणार ठेकेदाराचा मुन्शी, बिरजू. आता गंमत अशी की म्हाताऱ्यांचे पुडे बिरजूला चांगले दिसत आणि तरण्या पोरींचे हमखास खराब. मग पोरीनं मागं थांबायचं, पुडे पुन्हा जुळवायचे, तोवर बाकीच्या बाया निघून गेलेल्या.

मागच्या हंगामात त्यानं अशीच अंजनाबाई दुर्गे यांची कमळा थांबवून घेतली आणि तिचा हात धरला. कमळानं हातातला पुडा त्याच्या तोंडावर हाणला आणि फाटक्या बाहीनं बांबूतून पळत घर गाठलं. तेव्हापासून तिला नाल्यापलीकडे जाऊ देत नव्हते. शाळाही त्याच वाटेवर, म्हणून शाळाही सुटली. पोर पंधरा वर्षांची. आता फड पुन्हा लागायची वेळ आली, तसा तिचा काका म्हणू लागला, “फड तिथीच लागत असन तं त्याच्या आधी पोरीचं लग्न उरकून टाका. कोण राखण करन?”

अंजनाबाई रोजमजुरी करणाऱ्या. पण ग्रामपंचायतीत बायांसाठी राखून ठेवलेल्या जागेवर मेंबर होत्या. मेंबर म्हणजे काय, तर सभा झाली की लटारू कोतवाल रजिस्टर बगलेत मारून त्यांच्या दारी यायचा, बाई चुलीपुढून उठून अंगठा उठवायच्या, लटारू पाणी पिऊन परत जायचा. सगळीकडे हीच रीत होती. त्यात कुणाला काही चुकीचं वाटत नसे. उलट बाईमाणसाला उन्हात यावं लागू नये म्हणून आपण किती जपतो, असं गुणवंतरावांना मनापासून वाटायचं.

या खेपेला लटारू कोऱ्या रजिस्टरासकट पंचायतीत परतला. पानाचा हंगाम तोंडावर, अर्धे मेंबर जंगलात. अंजनाबाईंच्या अंगठ्याशिवाय सभेची संख्या पुरी होत नव्हती.

“काय म्हणते बाई?” गुणवंतरावांनी विचारलं.

“येऊन राह्यली म्हणते. मांगंच हाय माह्या.”

अंजनाबाई आत आल्या आणि रिकाम्या खुर्चीवर बसल्या. ती खुर्ची त्यांचीच होती, पण तिच्यावर आजवर फक्त गॅसबत्ती बसलेली होती. लटारूनं बत्ती उचलून खाली ठेवली.

“बाई, इतक्या उन्हात काऊन आल्या? लटारू आल्ता न घरी.”

“आंगठा माह्या हाताले हाय, भाऊ. तो एकटा पंचायतीत येऊन कटाळला.”

मेंबर हसले. गुणवंतरावही हसले, हसायला काही लागत नाही.

“फडाच्या जागेचं बोलाचं हाय मले. यंदा फड पटाच्या मैदानावर लावा.”

आता मात्र कुणी हसेना. शंकरपटाचं मैदान! जिथं माघात खाचरं सुटतात, जिथली माती गुणवंतराव कपाळाला लावतात, ते.

“तिथी पानं वाळवाची?” एक मेंबर उसळला. “उद्या म्हणसान, देवळात धान मळा!”

“पानाले मोकळं मैदान पाह्यजे, थे हाय. शिंपाले पाणी तलावात हाय. आन समोर पाळ हाय, पाळीमांगं घरं हायेत.” अंजनाबाई सरपंचांकडे वळल्या. “तुमच्या बैलानं शेपूट वाकडं केलं तं पाळीवरच्या म्हातारीले दिसते, भाऊ. पोरीचा हात कोण धरला, थे नाई दिसणार का?”

“विचार करू,” गुणवंतराव म्हणाले. सरपंच विचार करू म्हणाले की विषय मेला, हे गावात पोरासोरांना ठाऊक होतं. अंजनाबाईंनाही.

“करा. तोवर आंगठा माह्याजवळच राहू द्या,” म्हणून त्या उठल्या.

घरी केसरबाईंनी, म्हणजे सरपंचीणबाईंनी, ताट वाढलं आणि सहज विचारावं तसं विचारलं, “जोडी कोन्त्या दिवशी येते?”

गुणवंतरावांना ठसका लागला. “कोन्ती जोडी?”

“मंग गोठा काऊन सारवून घेतला? माह्यासाठी?” त्यांनी पाण्याचा गडू पुढे केला. “येईन, यंदा तुमचा पहिला नंबर येईन. पण पाळीवर कोण बसन, थे पाहून ठेवा. मी नाई बसणार. अंजना नाई बसणार. तुमचे बैल पळतीन आन टाळ्या वाजवाले लटारू असन.”

गुणवंतरावांनी भात तसाच सारला. बाईमाणसाचं बोलणं ते मनावर घेत नसत, पण एकट्या लटारूच्या टाळ्या त्यांना ऐकू येऊ लागल्या होत्या.

दिवस मावळायच्या सुमारास बिरजू सायकलवरून आला. खुशीत होता.

“सरपंचजी, जोड़ी शनिवार को पहुँच जाएगी. सेठ बहुत खुश हैं. बोले, ये सरपंच दो बैल में मान गया, बाजूवाले गाँव का तो ट्रैक्टर माँगता था.”

हे ऐकून सरपंचांच्या मनात सात्त्विक संताप उसळला असं लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. खरं सांगायचं तर त्यांना आधी लागलं ते आपण स्वस्तात गेल्याचं.

“आन थे दुर्गेबाईची पोरगी?” त्यांनी विचारलं.

“उसकी तो शादी हो रही है ना?” बिरजू हसला. “बात खतम.”

गुणवंतराव सारवलेल्या गोठ्याकडे बघत राहिले. माणूस हिशेबी होता आणि हिशेब खोटा मांडणं त्याच्या स्वभावात नव्हतं. एका बाजूला दोन बैल. दुसऱ्या बाजूला एक पोर, तिची शाळा, तिचं लग्न. आणि उद्या तिच्या जागी पुडे जुळवत बसणारी दुसरी कुणी. हात यानं धरला, आणि घर सोडून जायचं तिनं. आणि हा माणूस आपल्या अंगणात उभा राहून, आपल्या तोंडावर, बात खतम म्हणतो.

“बिरजू,” ते म्हणाले, “शेठले सांग, गोठ्यात जागा नाई.”

“जी?”

“जागा नाई म्हन्लं. आन तू फडावर येच्या आधी चौकीत पंचायतीचा कागद जाईन, मांगच्या सालच्या गोष्टीचा. म्या सही करतो त्याच्यावर.”

दुसऱ्या दिवशी सभा भरली ती पाळीवरच्या लिंबाखाली. ठराव झाला: फड पटाच्या मैदानावर. दिवस बुडायच्या आत पुडे मोजून संपवायचे. संपले नाहीत तर पंचायतीची गॅसबत्ती तिथं जळेल आणि शेवटची पोर घरी जाईपर्यंत लटारू हलायचा नाही. खराब पुडा कोणता, हे मुन्शीनं एकट्यानं ठरवायचं नाही. शेजारी पंचायतीची बाई मेंबर बसेल. अंजनाबाईंनी साऱ्यांसमोर अंगठा उठवला आणि शाईचं बोट लिंबाच्या खोडाला पुसलं. चौकीतला कागद गुणवंतराव स्वतः घेऊन गेले, सोबत कमळा आणि तिची आई. एकट्या अंजनाबाईंना मागच्या साली ‘पाहू’ म्हणून परत पाठवणाऱ्या हवालदारानं शिक्का बघितला आणि बाक पुढे ओढला.

ठेकेदार तडकला. फडच लावत नाही म्हणाला. गावातल्या बायांनी पानं तोडून घरीच रचून ठेवली आणि म्हणाल्या, नको लावू. पण तेंदूचं पान कुणासाठी थांबत नाही. निबर झालं की ते विडीच्या कामाचं राहत नाही. ठेकेदाराला हे सरपंचापेक्षा चांगलं कळत होतं. फड लागला. मैदानावर पुड्यांच्या रांगा हिरव्या पसरल्या, मुन्शी नवा आला, आणि पाळीवर दुपारपासूनच केसरबाई सुपारी कातरत बसू लागल्या. नव्या मुन्शीनं एका पोरीला “थांब” म्हटलं, तर पाळीवरून आठ-दहा आवाज आले, “काऊन?” पुडा चांगला निघाला.

माघात पट भरला. गुणवंतरावांच्या जुन्या बैलांचा तिसरा नंबर आला. टाळ्या मात्र पहिल्या नंबराला मिळाल्या नाहीत एवढ्या त्यांना मिळाल्या. पहिली आलेल्या जोडीचा मालक हे बघून चक्रावला आणि त्यानं लटारूला विचारलं, “इथी उलटं मोजते का?”

आता कुणी काय किंमत मोजली ते. ठेकेदारानं काहीच नाही. त्याची पानं वेळेवर वाळली. बिरजूनं मुन्शीपण आणि चौकीच्या खेपा. गुणवंतरावांनी दोन पांढरे बैल आणि पहिला नंबर. त्यांच्याकडून एवढं निघेल असं गावाला वाटलं नव्हतं, त्यांनाही नाही. केसरबाईंनी उन्हात काढलेल्या दुपारी. अंजनाबाईंनी पोरीचं लग्न उरकलं नाही म्हणून दिराचं बोलणं, जे त्या अजून फेडताहेत.

आणि कमळा फड संपला त्याच जूनमध्ये पुन्हा शाळेत गेली होती, आपल्यापेक्षा लहान पोरींच्या वर्गात बसली. ते मधलं वर्ष तिनं भरलं. खरं तर तिच्याकडे कुणाचंच देणं निघत नव्हतं.