सासऱ्यांची हिरवी काडी

सासऱ्यांचा हट्ट म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. अ‍ॅल्युमिनियमचं वेल्डिंग करायचं तर टंगस्टनची काडी हिरव्या शेपटीचीच हवी, म्हणजे मागच्या बाजूला हिरवा पट्टा असलेली. तिला टोक काढायचं नाही, तापली की पुढे आपोआप गोळा येतो. बाकी सगळी थेरं! जुन्या मशीनवर हे खरंही होतं. पण नवं मशीन आलं आणि त्यावर हिरव्या काडीचा गोळा फुगून डुलायला लागला, काडीतून निघणारा विजेचा झोत, आर्क, वाट फुटेल तिकडे भरकटायला लागला. सासऱ्यांनी मशीनला शिव्या घातल्या. मशीन सुनेनं पसंत केलेलं. लेकी बोले सुने लागे, इथे लेकीच्या जागी मशीन होतं एवढंच.

सुनेला टॉर्च, म्हणजे ती काडी बसवायची वेल्डिंगची मूठ, हातात हवी होती. शिकून तयार होती ती, पण वाट्याला काय, तर घासणं आणि पुसणं.

"बाबा, या मशीनला सोनेरी शेपटीची काडी लागते. एकदा लावून तरी बघा."

"ज्या दिवशी सोनेरी काडी माझ्या हिरवीपेक्षा चांगला सांधा घालेल, त्या दिवशी हे माझं वेल्डिंगचं स्टूल तुझं. पण माझ्या टॉर्चमध्ये ती शिरणार नाही!"

म्हणजे परीक्षेला बसायचं नाही, आणि पास झाल्याशिवाय नोकरी नाही. सुनेचं डोकं फिरलं. डोकं फिरलं की तिला फार छान कल्पना सुचतात.

नावाड्याच्या नव्या पाण्याच्या टाकीचं काम आलं, त्या सकाळी तिनं सोनेरी काडी घेतली. फक्त काड्या घासायला राखलेल्या सहाणेच्या चाकावर ती लांबीच्या दिशेनं घासली, कारण आडवे ओरखडे राहिले की आर्क भरकटतो. निमुळती करून टोक जरासं बोथट केलं. मग नणंदेच्या कपाटातून हिरवं नेलपॉलिश काढलं आणि शेपटी रंगवली.

"टोक कशाला काढलंस?" सासरे गुरगुरले.

"हिरवीच आहे, बाबा. गोळा बारीक यावा म्हणून जरा घासली."

खोटं बोलताना तिची जीभ अडखळली नाही, याचं तिचं तिलाच कौतुक वाटलं.

सासऱ्यांनी हेल्मेट खाली घेतलं. आर्क एका जागी ठाम उभा राहिला आणि टाकीची पहिली बाजू अशी जुळली की शेजारी उभा नावाडी बघतच राहिला.

"उभ्या जन्मात असा सांधा घातला नव्हता मी!" सासऱ्यांची छाती फुगली. "सगळी या काडीची करामत. थांबा, दाखवतो."

काडी निवाली तशी त्यांनी ती टॉर्चमधून काढली आणि बोलता बोलता अ‍ॅसिटोनच्या फडक्यानं पुसली. जे हातात येईल ते अ‍ॅसिटोननं पुसायचं, ही त्यांची जुनी खोड. अ‍ॅसिटोननं नेलपॉलिशही उतरतं, आणि सून ही खोड साफ विसरली होती.

"ही बघा, हिरवी!"

"ही तर सोनेरी आहे की," नावाडी म्हणाला.

हिरवं होतं ते फडकं. सासऱ्यांनी फडक्याकडे पाहिलं, काडीकडे पाहिलं, मग सुनेकडे.

"सूनबाई, नखं दाखव."

तिनं हात पुढे केले. नखं काळीकुट्ट, रंगाचा टिपूस नाही.

"स्वतःच्या नखांना कधी लावलं नाहीस, आणि काडीला नटवलंस?"

"तुम्ही तिला आत येऊ देत नव्हतात, बाबा," ती म्हणाली. "आणि मलाही."

सासऱ्यांनी स्वतःच घातलेला सांधा बोटानं चाचपला. त्यात खोट काढायची म्हटली, तर ती स्वतःच्याच हाताची निघाली असती. शेवटी ते उठले, गुडघे कुरकुरले, आणि स्टूल पायानं तिच्याकडे सरकवलं.

"बस. राहिलेल्या बाजू तुझ्या."

मग नावाड्याकडे वळून, दरडावल्यासारखं म्हणाले, "पण पहिली बाजू माझी आहे. गावभर सांगताना विसरू नका!"